आईचं भूतान आणि दहा किलो तांदूळ

भूतानला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. हे वाक्य मी घरात मोठ्यानं वाचलं आणि तिथेच फसलो.

"मग मला ने," आई म्हणाली. वय बाहत्तर, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलेलं. कड्याला चिकटलेला तिथला मठ तिनं कुठल्याशा कॅलेंडरवर पाहिला होता. "चढणार नाही रे. खाली उभी राहून बघेन. पण ऑपरेशनआधी, माझ्या जुन्या गुडघ्यांवर."

वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढतोय. त्यामुळे नियोजन अर्थातच माझ्याकडे. तक्ता केला: विमानानं बागडोगरा, टॅक्सीनं जयगाव, सीमेवरच्या कमानीतून पायी पलीकडचं फुनशोलिंग, तिथे परमिट, दुसऱ्या दिवशी मठाचं गाव पारो. प्रत्येक टप्प्यापुढे वेळ. (बायकोनं, म्हणजे वृषालीनं विचारलं, "बाथरूमला कधी जायचं तेही लिहिलंयस ना?" लिहिलं नव्हतं. मग लिहिलं.)

परमिटसाठी पासपोर्ट किंवा मतदार कार्ड लागतं. तेही मूळ. आधार चालत नाही. आम्हा दोघांकडे पासपोर्ट होते. आईकडे मतदार कार्ड होतं, म्हणजे आईकडे नव्हतंच! आमचं घर घाटकोपरला आणि मत कणकवलीजवळच्या गावात. ग्रामपंचायतीला भावकीचं एकही मत फुटू नये म्हणून सगळ्यांची कार्डं माझ्या काकांच्या, नानाकाकांच्या कपाटात. निवडणूक आली की मुंबईकरांनी जायचं, कार्ड घ्यायचं, मत द्यायचं, कार्ड परत करायचं.

"काका, आईचं कार्ड पाठवा. नीट पाठवा. हरवलं तर ती जाऊ शकणार नाही."

"माका शिकवू नको. गाडीवाल्याकडे देतंय," काका म्हणाले.

गावाहून मुंबईला काहीही धाडायचं तर खासगी बसच्या ड्रायव्हरकडे द्यायचं आणि इथल्या माणसानं हायवेवर उभं राहायचं, ही आमची पिढीजात टपालसेवा. सकाळी सहापासून आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत मी हायवेवर धूर खात उभा. बस आली. ड्रायव्हरनं दहा किलोची एक गोणी खाली ढकलली.

"पाकीट?"

"पाकीटबिकीट काय नाय साहेब. तांदूळ हायत. तुमच्याच नावाचे."

माझं डोकं सणकलं. तिथूनच फोन लावला.

"काका, मी तांदूळ मागितले होते?"

"अरे, ऐक..."

"पंधरा दिवस राहिलेत! हजारदा सांगितलं तुम्हाला!"

"अरे बाबा, त्या तांद..."

"काय तांदूळ तांदूळ लावलंय! सीमेवर काय तांदूळ दाखवू? पुलाव करून?"

फोन कापला. पुढचे तीन फोन उचलले नाहीत. (संभाषण दोन मिनिटं एकवीस सेकंद. काकांच्या वाट्याला साडेपाच शब्द.)

वृषालीचा मेसेज आला होता, "घावन्यांचं पीठ संपलंय." मी इतका भडकलो होतो की ती गोणी मला घरात दिसायलाही नको होती. स्कूटर थेट गिरणीवर नेली. "सगळे दळा!" गिरणीवाल्यानं गोणी तोंडाशी उसवली आणि मशीनवर उपडी केली. मी तोवर काकांसाठी एक जळजळीत मेसेज टाइप करत होतो. त्याचा तिसरा परिच्छेद चालू असताना मशीनमधून खडखडाट झाला.

"ओ साहेब! काय घातलंय आत? वाट लावली ना माझ्या मशीनची!"

त्यानं पीठ झटकून माझ्या तळहातावर जे ठेवलं ते असं: आईचं कपाळ, त्यावरचं कुंकू, आणि 'निवडणूक' या शब्दातलं 'निव'.

आता काकांचा फोन उचलावाच लागला.

"अरे, अंडी तांदळात घालून धाडतव, एक फुटत नाय. कार्ड काय फुटतला? पण तू माका बोलाक दिलंस काय?"

घरी येऊन आईसमोर तळहात उघडला. तिनं चष्मा लावून नीट पाहिलं.

"कपाळ तेवढं ठेवलंस. बरं झालं, हात मारून घ्यायला."

मग तत्काळ पासपोर्ट. पहिल्या दिवशी एक कागद कमी, दुसऱ्या दिवशी सर्व्हर बंद, तिसऱ्या दिवशी काम झालं. पुढे पडताळणीसाठी पोलीस "कधीही येतील" म्हणून मी घरी बसून. ते पाचव्या दिवशी आले. मी चिडून काही बोलेन म्हणून वृषालीनं मला आत कोंडलं. प्रवासाला निघायच्या चार दिवस आधी पासपोर्ट हातात पडला आणि मी रुबाबात संपादकांना म्हणालो, "सोमवारपासून मी नाही."

"आठ दिवसांची रजा होती ना? ती घेऊन झाली तुझी," संपादक म्हणाले. "सोमवारी ये."

"एकट्या वृषालीला मी झेपणार नाही," आई म्हणाली. "नानाला बोलाव. त्याचं कार्ड धड आहे."

काकांचं नवं तिकीट मीच काढलं. माझी टॅक्सीतली जागा, हॉटेलातली खाट आणि थंडीचं जॅकेट त्यांना मिळालं. फुनशोलिंगचं परमिट वीस मिनिटांत झालं म्हणे.

पाचव्या दिवशी फोटो आला. मागे कडा, कड्यावर मठ आणि पायथ्याशी वृषाली आणि काकांबरोबर आई, स्वतःच्या दोन पायांवर ताठ उभी. वृषालीनं लिहिलं होतं, "ग्रुपवर टाकायचाय. तू डेस्कवाला ना? फोटोखालची ओळ लिहून दे."

मी लगेच लिहून दिली, "डावीकडून: आई, वृषाली, नानाकाका."

दोन मिनिटांत भूतानहून आईचा फोन. "अरे, नाना डावीकडे आहे, मी उजवीकडे. पगार नक्की कशाचा घेतोस तू?"