कोपऱ्यातला घास

आमच्या नाहूरच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहणारी शेजारीण दातांत दोरा धरूनच बोलते. "बस ना गं," म्हणते, आणि बसायच्या जागेवर चिंध्यांचा ढीग असतो.

आधी ती आईसारख्या गोधड्या शिवायची. शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत भाकरीचा तुकडा ठेवायचा, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. ही तिच्या आईची रीत. मग गोधड्यांतली फुलं गेली, चौकोन गेले. आता ती जुन्या साड्या उसवून दोऱ्यांची नुसती जाळी भिंतीवर टांगते. हे काय आहे विचारलं तर म्हणते, "काही नाही. बघ फक्त." मी बघते, आणि खरंच बघत राहते. त्या जाळ्यांच्याही एका कोपऱ्यात ती कापडाची पुरचुंडी शिवायची, घासासाठी.

या जाळ्यांच्या पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी गॅलरीवाल्यांनी सांगितलं, किडे लागतील, खाण्याचं काही ठेवू नका. तिने सगळे कोपरे उसवून तुकडे काढले. प्रदर्शन झकास झालं. तेव्हापासून तिचं एकही काम पुरं होत नाही. टांगते, चार दिवसांनी उतरवते, पुन्हा उसवायला घेते.

परवा ती माझ्याकडे आली होती. पलंगावर तिनेच पूर्वी दिलेली गोधडी होती. बोलता बोलता तिचा अंगठा कोपऱ्याशी गेला. तिथे अजून जरा जाड लागतं. तिने ते दाबून पाहिलं.

"ही कुणाला देऊ नकोस गं," ती म्हणाली. "ही जेवलेली आहे."