कॅसेटमधलं शेवटचं गाणं

बाळांनो, तुमच्या आजोबांनी इथे आखातात आल्यावर मत्रहच्या बाजारातून आणलेल्या इंग्रजी कॅसेटबद्दल विचारलंत, म्हणून क्रमाने लिहिते.

त्या कॅसेटवरच्या बँडमधले चौघे इंग्लंडमधल्या एका गिरणीच्या गावचे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं सोल संगीत ऐकून ऐकून शिकलेले. पोटातून आवाज काढून गायचे. पहिल्या दोन रेकॉर्डी गाजल्या. मग ट्रम्पेटवाल्यांना काढून त्यांनी सूर-ताल वाजवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं आणली, भांडणं झाली, बँड फुटला. अल् घुब्राच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये कॅसेट मात्र वाजत राहिली. तिच्यातलं शेवटचं संथ गाणं माझ्या सगळ्यात आवडीचं.

गेल्या हिवाळ्यात कळलं, त्यांच्यातले उरलेले दोघे इथल्या एका हॉटेलात शुक्रवारच्या ब्रंचला गाणार आहेत. आठवडाभर माझं कशात लक्ष लागेना. ते एक गाणं समोर बसून ऐकायचं होतं.

त्या दुपारी ताटातलं गार झालं. एक गाणं संपलं की मी पुढे सरकून बसे, आणि भलतंच सुरू होई.

"अगं, जेव. पैसे दोघांचे भरलेत," आजोबा म्हणाले.

"तुम्हीच जेवा. ते आवरतं घेतायत, दिसत नाही का?"

खरंच खलास झालं. वादक वायरी गुंडाळू लागले. मी उठून थेट गायकाकडे गेले, चाल गुणगुणून दाखवली आणि विचारलं, हे का नाही गायलात?

पांढऱ्या केसांचा तो माणूस हसला. "मॅडम, हे आमचं नाही. ज्यांच्यावर आम्ही जळायचो, त्या बँडचं आहे."

मी वळून आजोबांकडे पाहिलं.

"दुकानदार रेकॉर्डवरून कॅसेट भरून द्यायचा," ते म्हणाले. "शेवटी फीत उरली की हाताला लागेल ते गाणं टाकायचा. रिकामी दिली तर गिऱ्हाईक भांडायचं."

"अहो, आणि हे आज सांगताय?"

"तू आज विचारलंस."

गायक म्हणाला, "हे आमचं असतं, तर आम्हाला यंत्रं आणावी लागली नसती." मग उभ्याउभ्याच त्याने दोन ओळी म्हटल्या. वरचा सूर लागला नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तिथेच अडला. मग हात हलवून पाणी प्यायला गेला.

गाणं ऐकलं म्हणावं की नाही? आजोबा म्हणतात, ऐकलंस. पण घरी परतताना बौशर येईपर्यंत मी त्यांना दोनदा म्हणाले, "गाडी वळवा. त्याचं पाणी पिऊन झालं असेल."