एकरी मदत

कुठलाही कागद समोर धरला की म्हातारा आधी तो उलटा करून त्याची पाठ बघायचा. वाचता येत नव्हतं, पण मागची कोरी बाजू दिसली की मान हलवायचा. "मांगून कोरा हाय, बाप्पा. म्हंजे उद्या याच्यावर काईबी लिहिता येते."

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. रिसोडकडच्या एका गावात मी पटवारी होतो आणि हा माझ्या डोक्याला कायमचा ताप होता. सरकारी बियाणं आलं की आधी मूठभर बकरीला घालून दोन दिवस तिच्याकडे बघत बसायचा. वाशीमच्या बाजारात कापूस मोजताना तराजूची पारडी अदलाबदल करायला लावायचा. तुमच्याही गावात असा एखादा असेलच. आपण त्याला हसतो आणि मापाच्या वेळी त्याच्याच शेजारी जाऊन उभे राहतो.

त्या साली धान्याची टंचाई होती. हुकूम आला की कापूस सोडून ज्वारी पेरेल त्याला सरकार एकरी मदत देईल. नावं जमवायचं काम माझ्याकडे आलं. चावडीत बसून मी सगळ्यांना समजावलं आणि हळूहळू गाव तयार झालं. एकटा हा सोडून.

"काहून देते सरकार?"

"लोकाईले ज्वारी पाह्यजे म्हून, बाबा."

"मंग ज्वारीचा भाव वाढवा म्हना. हे फुकटचं काहून? देनारा कवातरी मांगाले येते."

त्याने पाचही एकरांत कापूसच पेरला. इकडे वरच्या साहेबांना गावाचा आकडा पुरा हवा होता आणि नेमके पाच एकर कमी पडत होते. मी यादीत म्हाताऱ्याचं नाव घातलं आणि त्यापुढे माझाच डावा अंगठा उठवला. पैसे आले तेव्हा पुडीत बांधून ठेवले. पैसा डोळ्यांनी बघितला की घेईल, अशी मनाची समजूत घातली. पुडी द्यायचा धीर मात्र झाला नाही.

पुढच्या हंगामात लेव्हीचे, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीचे, साहेब आले ते तीच यादी घेऊन. मदत घेणाऱ्याने एकरी ठरलेली ज्वारी सरकारला घालायची होती. म्हाताऱ्याचा संशय खरा ठरला होता आणि माझ्यामुळे तोच त्यात सापडला होता. त्याच्याकडे ज्वारी होती ती कापूस विकून घेतलेली, जमिनीतल्या पेवात भरलेली, घरच्या आठ माणसांची वर्षाची बेगमी.

साहेबांनी यादी त्याच्यापुढे धरली. "हा अंगठा तुझाच ना?"

तेव्हा मला आठवलं. त्याच्या डाव्या अंगठ्याला वरचं पेरच नव्हतं. तरुणपणी कडबा तोडताना ते उडालं होतं. यादीवरचा अंगठा चांगला अख्खा होता. त्याने नुसता हात वर केला असता तरी माझी नोकरी गेली असती, कदाचित तुरुंगही झाला असता.

म्हाताऱ्याने तो ठसा बघितला, मग माझा हात. आपला डावा हात त्याने हळूच उपरण्याखाली घेतला.

"माहाच हाय, सायेब."

पेव उघडलं. चार पोती गाडीत चढली.

संध्याकाळी मी पुडी घेऊन त्याच्या घरी गेलो. तो पेवाच्या तोंडावर माती ओढत होता. पुडीला त्याने हात लावला नाही.

"तुयी लेकरं लहान हायेत म्हून गप राह्यलो," तो म्हणाला. "आता माह्या घरी येत नको जाऊ."

त्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी एकदाच भाकरी होत होती, असं त्याच्या सुनेकडून माझ्या बायकोला कळलं. चावडीत नवा कागद आला की लोक अजूनही त्यालाच विचारायचे, पटवाऱ्यावर भरवसा ठेवावा का. "इचारा त्यालेच," एवढं म्हणून तो उठून जायचा. मी खाली मान घालून लिहीत राहायचो.

तो गेला तेव्हा माझी मंगरूळकडे बदली झाली होती. बातमी ऐकली आणि आधी सुटल्यासारखं वाटलं. त्या अंगठ्याचं आता कुणालाच ठाऊक नव्हतं. रडू आलं ते बऱ्याच वेळाने.