वहिनीच्या कोंबड्या फिरायला निघतात

धामणकर नाक्यावर माझी रिक्षा अडकली होती तेव्हा दादाचा फोन आला. "तुझी वहिनी गेली रे..." एवढंच. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. भोवतीचे हॉर्न मला ऐकू येईनासे झाले. कानात मात्र अंबाडी गावाजवळच्या आमच्या शेडमधली कोंबड्यांची संथ कुरकुर घुमत राहिली. अजूनही घुमते.

वहिनीला थायरॉइडचा त्रास होता. सकाळी उपाशीपोटी गोळी, मग शेड. गुबगुबीत कोंबडी दिसली की तिला कोण आनंद! लाडानं आणखी मूठभर मका टाकायची. गेल्या उन्हाळ्यात नेमक्या त्याच देखण्या कोंबड्या पटापट मरू लागल्या. पडघ्याच्या डॉक्टरीणबाईंनी एक मेलेली कोंबडी उघडून दाखवली. यकृत पिवळं, बोट लावताच भुगा होणारं. "चरबी साठलीय. खाणं जास्त, हालचाल नाही. त्यात उकाड्यानं गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावते. तिचं संप्रेरक कमी पडलं की यकृतातली चरबी जळत नाही." वहिनीचा हात स्वतःच्या गळ्याशी गेला. "म्हंजे ह्यांना माझंच दुखणं हाय की!"

दादाला सगळ्या कोंबड्या व्यापाऱ्याला देऊन मोकळं व्हायचं होतं. "मंग मला बी देऊन टाका," वहिनी म्हणाली. दादानं विकायचा विषय सोडला.

मका कमी झाला, पाण्यातून औषधं सुरू झाली. ऊन उतरलं की वहिनी शेडचं दार उघडायची. कोंबड्या दारातच बसकण मारायच्या. ती त्यांना हुसकत आंब्यांखालून चालवायची, मागून स्वतः धापा टाकत. मी चिडवायचो, "वहिनी, कोण कुणाला फिरवतंय?"

"भावजी, आधी तुमचं पोट बगा आन् या मागं."

मी जायचो. पिवळट उन्हात धूळ तरंगायची, पुढे पांढऱ्या कोंबड्या, मध्ये वहिनीचा हिरवा पदर... आपण चालतोय की झोपेत आहोत, तेच कळायचं नाही. हळूहळू मरणं थांबलं. त्या चालण्यात वाटायचं तितकं शांत मला पुन्हा कधी वाटलं नाही, आणि वाटेल असंही वाटत नाही.

गेल्या आठवड्यात दादानं व्यापाऱ्याला बोलावलं. एकट्याला जमणार नाही म्हणाला. संध्याकाळी टेम्पो आला, पिंजरे उतरले. दादानं दार उघडताच कोंबड्या त्याच्या पायांतून वाट काढत सरळ आंब्यांकडे निघाल्या. व्यापारी धरायला धावला.

"थांब," दादा म्हणाला. "आता न्हाय. त्यांची फिरायची येळ हाय."

आणि तो त्यांच्या मागून चालू लागला. व्यापारी टेम्पोला टेकून बराच वेळ उभा होता. दादा काही वळला नाही. शेवटी व्यापाऱ्यानंच रिकामे पिंजरे पुन्हा टेम्पोत चढवले.