माळ्यावरचा पेंढा

बायको गेल्यापासून माझ्या घरात आमी दोघंच राहायचो. मी आणि पेंढा.

मी खाली, पेंढा वर माळ्यावर. (दोघांत शहाणा कोण, ते पुढं कळेलच.) शेणव्याच्या पलीकडं, मुरबाडच्या अंगाला आमचा पाडा. घर कुडाचं, वर पत्रा. चैत्र लागला की पत्रा असा तापतो, की वर पापड फेकावा नि भाजलेला उतरवून खावा! म्हणून पत्र्याखाली बांबूचा माळा आणि माळ्यावर भाताचा पेंढा दाबून भरलेला. उन्हाळ्यात गारवा, थंडीत ऊब. हे सगळं खातं सखूचं. सखू म्हणजे माझी बायको. दर साली भात झोडून झालं की जुना पेंढा खाली उतरवायची, तो पेरणीआधी शेतात राब भाजायला जायचा. मग नवा पेंढा वर, नि वर्षातनं दोनतीनदा निरगुडीच्या पाल्याची धुरी. मी मधे काय बोललो तर म्हणायची, "तुमी शिडी धरा. तोंड नको."

उभा जन्म मी शिडी धरली.

सखू दोन वर्षांमागं वैशाखात गेली. त्याच्या आधी तिनं पेंढा भरला होता, तिच्या हातचा शेवटचा. मी ठरवलं, हा पेंढा काढायचा नाय. जग बुडालं तरी नाय. मधे डोळ्याच्या आपरेशनला कल्याणला जाऊन आलो, तेवढंच काय ते घर सोडलं. दुपारी खाटेवर पडलो की वर बघून बोलायचो. "सखू, आज भाजी करपली." "सखू, गुडघा लय दुखतोय." वरून एखादी काडी पडायची. मी समजायचो, हूं म्हणाली.

पण पेंढ्याला माझं दुःख काय कळतं? पत्रा एके ठिकाणी गळायचा, तिथं पेंढा काळा पडला. मग कुजला. मग उंदरांनी त्यात संसार मांडले. चहात भुसा, डाळीत भुसा, कानात भुसा. गारवा कधीच गेला, उरला नुसता कुबट वास. मी म्हणायचो, असू दे, सखूचा वास हाय. (सखू हे ऐकती तर शिडीवरून खाली येऊन तिनं मला चोपला असता.)

भिंतीला भिंत लागून चांगुणाचं घर. सखूच्या हाताखाली वाढलेली, तिला काकी म्हणायची. ती दर चार दिवसांनी दारात उभी.

"आबा, पेंढा बदला हो! जुना पेंढा बसतो, दबतो. मग ऊन अडवत नाय."

"तुझ्या घरचा बदल गो!"

"आबा, ऐका तर..."

"सखूच्या पेंढ्याला बोट लावलंस तर बघ!"

ती तोंड उघडायची, परत मिटायची, नि निघून जायची. मला वाटायचं, काय माझा दरारा!

होळीला पोरगा आला. संतोष, कल्याणला नोकरीला असतो. जेवायला बसला आणि वरून त्याच्या वरणात उंदराचं पिल्लू पडलं. पडलं ते पडलं, पोहायला लागलं!

"बाबा, हे काय हाय?"

"पावना."

ताट सारून तो उठला. "ऐका. चांगुणाताईच्या पोरीच्या हळदीला मी येतोय. तवा हा सगळा कचरा काढून जाळतो नि थर्माकोलचं छत मारतो. फायनल!"

थर्माकोलशी काय बोलायचं माणसानं?

हळदीचा दिवस उजाडला. चांगुणाच्या दारात मांडव, पाव्हण्यांची गर्दी. मी भर मांडवात तिला गाठली. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे.

"चांगुणे, पेंढा न काढता टिकवायचा कसा?"

"आज विचारता?"

"दुपारी संतोष येतोय. जाळायला!"

तिनं कपाळाला हात लावला. (कपाळही पिवळं.) "बाहेर काढून ऊन दाखवायचं, गळता पत्रा बुजवायचा, नि निरगुडीची धुरी द्यायची. मूठभर पाला, जास्त नाय. पण आज नको हो आबा, पावने हाईत!"

एवढ्या बोलण्यातला मी 'धुरी' तेवढा शब्द घेतला नि घरी पळालो.

घमेल्यात निखारे घेतले, वर गोवऱ्या, त्यावर निरगुडीचा पाला. मूठभर? मूठभर पाल्याला हे उंदीर भीक घालतात होय! भाराभर टाकला. तरी मन भरेना. मग डोक्यात अक्कल पेटली. सुक्या मिरच्यांची अख्खी पिशवी ओतली. घमेलं घेऊन शिडीवर चढलो. शिडी डुगडुगायला लागली. खाली बघतो तर धरायला कोण नाय. शिडी धरणं हे पण काम असतं, ते मला तवा कळलं.

घमेलं माळ्याच्या कडेला ठेवलं. पहिला धूर उठला आणि उंदीर निघाले! माझ्या आधी माझ्याच शिडीवरून उतरले, आणि कुठं गेले? जिथं लाडू होते तिथं. मांडवात!

मांडवात किंकाळी उठली. बायका बाकड्यांवर चढल्या. तेवढ्यात मिरचीचा धूर पत्र्याखालून सुटून मांडवात शिरला. हळदीचं गाणं म्हणता म्हणता अख्खी ओळ खोकून गेली. सनईवाल्यानं फुंकायला मोठा श्वास घेतला नि सनईतून शिंक काढली! नवरीच्या डोळ्यांना धारा लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "गुणाची गो पोर, सासरला जायचं आजपासूनच रडते!"

चांगुणाचा नवरा बारकू खणखणीत गळ्याचा. तो बोंबलला, "आबाचं घर पेटलं! धावा!"

सगळी हळद माझ्या घरात. कोणी हंडा आणला, कोणी नवरीच्या आंघोळीचं पाणी, एकानं तर सरबताची बादली! मी हात हलवून सांगतोय, "आग नाय रे, धुरी हाय!" पण मिरचीनं आवाज बसलेला. नुसतंच तोंड हलतंय. बारकू म्हणाला, "आबाची वाचा गेली! आणखी पाणी टाका!"

संतोष नेमका तवाच आला. आला तो बादली घेऊनच आत.

पेंढा पाणी प्यायला, फुगला, बांबू कडाड् म्हणाला आणि माळाच्या माळा माझ्या अंगावर! मी पेंढ्याखाली गाडला गेलो. अंधार, ओल, कुबट वास. मनात म्हटलं, सखू, आलीस न्यायला? बरं केलंस.

कसली सखू! लोकांनी पाय धरून ओढून काढलं. संतोष रडवेला होऊन विचारतोय, "बाबा, लागलं का?" आणि मी तो ओला पेंढा कवटाळून पाव्हण्यांसमोर बसक्या आवाजातच हंबरडा फोडला. "सखूचा पेंढा गेला रे! तिच्या हातचा शेवटचा होता रे!"

नुसता खोकला ऐकू येतोय.

चांगुणा पुढं आली. पिवळ्या तोंडावर काजळाचे ओघळ. हळूच म्हणाली, "आबा, उठा. तो काकीचा नाय."

"मग कोणाचा?"

"माझा. तुमी डोळ्याच्या आपरेशनला कल्याणला होता, तवा मी बदलला. काकीनं जायच्या आधी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. म्हणाली, 'म्हातारा माझा पेंढा काढू देणार नाय, नि उन्हाळ्यात भाजून निघेल. तो घरी नसताना बदल.'"

"मग बोलली का नायस?"

"कशी बोलू? तुमी आलात ते वर बघून बोलायलाच लागलात. कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं हो!"

बारकू कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "म्हंजे इतके दिवस हा माणूस माझ्या बायकोच्या पेंढ्याशी गुजगोष्टी करतोय? काय बोलला ते सांगा आधी!"

"गुडघ्याचं बोललो रे," मी म्हटलं. "देवाशपथ, गुडघ्याचंच!"

एवढी माणसं माझ्या घरात एकदम हसली. संतोष तर खाली बसून हसत होता. सखू गेल्यावर त्या घरात कोणी हसलं नव्हतं. मी पण हसलो. रडताना मधेच हसू आलं की उचकी लागते, ती लागली.

लग्न पार पडलं. संतोषनं गळत्या पत्र्याला डांबर लावलं, माळा नवा बांधला. थर्माकोलचं नाव त्यानं काढलं नाय. चांगुणाच्या गंजीतला पेंढा आणला नि वर चढून मी स्वतः भरला. आता दर साली बदलायचा, असा भर पाड्यात मला शब्द द्यावा लागलाय. धुरी द्यायची झाली तर चांगुणाला विचारून. मिरची घरात आणायचीच नाय.

घर गार झालंय. दुपारी खाटेवर पडतो, वर बघतो. आता तिथं सखूचं काय नाय, ते ठाऊक हाय. पण तोंडाला सवय. भिंतीतून ऐकू जातं म्हणून आपलं हळू बोलतो.

परवा अगदी कुजबुजलो. "सखू, आज डाळ अळणी झाली गो."

भिंतीपलीकडून बारकू ओरडला, "आबा, मग मीठ घाला नि झोपा की गुमान!"

उठलो. मीठ घातलं.