टीनंतरचा आय

वेलांटीताईंना आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण ते छापखान्याच्या हजेरीपटावरच राहिलं. मुद्रितं तपासायच्या नोकरीला लागून दोन महिने झाले नव्हते, तोच एका बड्या वकिलाच्या पुस्तकातल्या एका वेलांटीवरून त्या मालकांशी उभ्याउभ्या तासभर भांडल्या. वकील हरले. त्या दिवसापासून सगळे त्यांना वेलांटीताईच म्हणायला लागले. पुढे लग्नही छापखान्यातच जमलं. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारा एक अबोल माणूस तिथे होता, त्याला सगळे जुळारी म्हणत. त्याच्या प्रुफात चुका इतक्या कमी असायच्या की ताईंना काळजी पडली, या माणसाशी भांडायला कारण कुठून मिळणार? ती काळजी फुकट गेली. कारणं भरपूर मिळाली.

प्रुफं वाचायचं काम तेव्हा दोघींनी मिळून करायचं असायचं. एकीने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसरीने प्रुफावर बोट ठेवून मागोमाग जायचं. ताईंना बावीस वर्षं वाचून दाखवलं ते आक्कांनी. आक्का नुसते शब्द वाचत नसत, चिन्हंही वाचत. "हाक, स्त्रीलिंगी, स्वल्पविराम, मोठ्याने बोलावणे, पूर्णविराम," असं एका सुरात. घरीही जीभ तशीच वळायची. आक्कांचे यजमान म्हणत, "आमच्या घरात सगळी चिन्हं ऐकू येतात, पूर्णविराम तेवढा येत नाही." पण आक्कांचा एक नियम मात्र दगडावरची रेघ होता. प्रतीत हात घालायचा नाही. चूक दिसली तर समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि पुढे जायचं. "लिहिणारा जाणे नि त्याचा देव जाणे. आपण फक्त विचारायचं." नवीन आलेल्या मुलींना ताईंनी हा नियम पुढे कितीदा ऐकवला असेल, त्याची गणती नाही.

छापखाना बंद झाला तेव्हा ज्याने त्याने आठवणीला काहीतरी नेलं. जुळारींनी आपली पितळी स्टिक नेली, जिच्यात त्यांनी आयुष्यभर ओळी जुळवल्या. ताईंनी टेबलावरचा संगणक मागून घेतला. त्यावर फुकट मिळणारं लिनक्स होतं, कारण मालक दुसरं काही विकत घ्यायला तयार नव्हते. ताईंना त्याची सवय झाली होती. पडद्यावर पेंग्विनचं चित्र यायचं, त्याला त्या मनातल्या मनात "आलास का बाबा" म्हणायच्या.

एक काम मात्र छापखान्यानंतरही उरलं होतं, ते शब्दकोशाचं. आठ खंडांचा कोश. सात खंड ताईंच्या नजरेखालून गेले होते, त्यातले शेवटचे दोन तर घरी पुडक्यांनी यायचे. आठवा खंड 'ह' वर संपणार होता, आणि त्या 'ह' मध्ये आक्कांचा जीव अडकला होता. आक्का कोशासाठी शब्दांच्या चिठ्ठ्याही करत. 'हाळी' या शब्दासाठी त्यांनी संपादकांशी वाद घातला होता. संपादकांचं म्हणणं, हाळी म्हणजे हाकच, वेगळी नोंद कशाला. आक्का म्हणायच्या, "हाक खोलीतल्या खोलीत मारता येते. हाळी द्यायला मध्ये शेत लागतं, नाहीतर नदी तरी." दोन वर्षांपूर्वी आक्का गेल्या. शेवटच्या भेटीत ताईंचा हात धरून म्हणाल्या, "ह संपेपर्यंत सोडू नकोस. हाळीकडे लक्ष ठेव." ताई हो म्हणाल्या होत्या. देवासमोर बोललेला शब्द आणि आजाऱ्याला दिलेला शब्द, त्यांच्या लेखी दोन्ही एकच.

आणि नेमकं आता कोश कार्यालयातून पत्र आलं. यापुढे कागद नाही. आठव्या खंडाची प्रुफं कार्यालयाच्या संगणकावरच राहतील, वाचणाऱ्यांनी घरून व्हीपीएन जोडून तिथेच वाचावीत. जोडणीसाठी लागणारी फाईल मेलने पाठवली आहे, तिचा मजकूर माहितीसाठी खाली छापला आहे. बुधवारी दुपारी चारपर्यंत ज्यांची जोडणी होणार नाही, त्यांच्या वाटची पानं बाहेरच्या कंपनीकडे जातील.

मंगळवारी सकाळी देवापुढे हात जोडून ताई संगणकासमोर बसल्या. जुळारी खिडकीपाशी भिंग घेऊन वर्तमानपत्र वाचत होते.

"काय असतं गं ते व्हीपीएन?"

"कार्यालयाच्या कपाटापर्यंत जायचा झाकलेला रस्ता. आपलेच लोक जाऊ शकतात, बाकीच्यांना दिसत नाही."

"म्हणजे छापखान्याचं मागचं दार."

ताईंना हसू आलं. पुढच्या दाराने गिऱ्हाईक यायचं. कामगार यायचे मागच्या बोळातून, शाईचे डबे आणि रद्दीच्या गठ्ठ्यांमधून अंग चोरत. तिथलं दार कायम आतून बंद असायचं. दोन टकटक, जरा थांबून एक, असं वाजवलं की आतून कुणीतरी कडी काढायचं. एकदा मालकांनीच तीन सलग वाजवल्या, तर मशीनवाल्याने दार उघडलं नाही. मालक अर्धा तास बोळात.

"टकटक नीट वाजव म्हणजे झालं," जुळारी म्हणाले आणि परत वर्तमानपत्रात गेले.

ताईंनी फाईल उतरवून घेतली. पत्रात लिहिलं होतं की फाईल थेट सेटिंग्जमध्ये घ्यावी. पण न वाचता कागद पुढे सरकवायची ताईंना सवयच नव्हती. त्यांनी ती आधी उघडून पाहिली. पाच-सात ओळी इंग्रजी, खाली अगम्य अक्षरांचा ढीग. एका ओळीत कार्यालयाच्या संगणकाचं नाव होतं, त्यात स्पेलिंगची एक चूक होती. सतरंजीचं दुमडलेलं टोक आपण जाता जाता पायाने सरळ करतो ना, तशी ताईंच्या बोटांनी ती चूक दुरुस्त केली, फाईल जतन केली, आणि ही गोष्ट त्या विसरूनही गेल्या.

मग सेटिंग्ज, नेटवर्क, व्हीपीएन, अधिकचं चिन्ह, फाईलमधून घ्या. सगळं पत्राप्रमाणे. नाव घातलं, पासवर्ड घातला. बटण सरकवलं. गोल फिरायला लागलं. फिरलं, फिरलं, आणि बटण आपोआप मागे आलं. जोडणी होऊ शकली नाही.

दहा वेळा केलं. दहा वेळा तेच.

दुपारी त्यांनी कार्यालयातल्या संगणकवालीला फोन लावला. तिशीतली असावी, बोलणं भरभर पण गोड.

"ताई, आता काळी खिडकी उघडा. टर्मिनल. मी सांगते ते टाइप करा. सुडो..."

"काय डो?"

"सुडो. म्हणजे मालकाच्या हुकमाने."

"आमच्या मालकांचा हुकूम मीच कधी ऐकला नाही गं, हा संगणक काय ऐकणार."

संगणकवाली हसली. हुकूम देऊन झाला. लागणारं सगळं आधीपासूनच बसवलेलं आहे, असं उत्तर आलं.

"ताई, पासवर्ड चुकला असता तर मला इथे दिसलं असतं. तुमची हाक आमच्या दारापर्यंत पोचतच नाहीये. फाईलला हात लावला होता का?"

"छे गं. मी कशाला हात लावू?" ताई मनापासून म्हणाल्या. चूक दुरुस्त करणं म्हणजे हात लावणं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. चाळीस वर्षं जे केलं ते श्वासासारखं झालं होतं.

"मग तुमच्या नेटचंच काहीतरी असेल. बाकीच्या चौघांचं जोडलं गेलंय. उद्या चारपर्यंत बघा ताई, नाहीतर... मला वरून सांगितलंय तसं करावं लागेल."

बुधवारी ताईंना जेवण गेलं नाही. अडीच वाजता त्या पडद्यासमोर नुसत्याच बसून होत्या. आक्का असत्या तर एव्हाना खुर्ची ओढून बाजूला बसल्या असत्या. शाळेतल्या दोन मुलांनाही जमावं इतकं सोपं होतं ते, एकीने वाचायचं, दुसरीने बघायचं.

"देवा," ताई पुटपुटल्या, "माझं काही नाही रे. पण तिला हो म्हणून बसलेय."

जुळारींनी ते ऐकलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणली आणि हात पुढे केला. "आण ते पत्र. मी वाचतो, तू पडद्यावर बघ."

"अहो, इंग्रजी आहे ते."

"मग? इंग्रजी पुस्तकं काय भुताने जुळवली? मला एक शब्द कळत नव्हता, पण माझ्या इंग्रजी ओळींत कधी एक चूक निघाली नाही."

"तेच म्हणते. कळत नाही आणि वाचणार."

"कळत नाही म्हणूनच वाचणार. तू शब्द वाचतेस गं. मी अक्षरं वाचतो."

त्यांनी भिंग लावलं आणि पत्राच्या तळाशी छापलेल्या ओळी एकेक अक्षर, एकेक टिंब करत वाचायला सुरुवात केली. आवाजात चढउतार नाही, घाई नाही. खिळा उचलावा, चाचपावा आणि स्टिकमध्ये ठेवावा, तसं. ताईंचं बोट पडद्यावर सरकू लागलं. पहिली ओळ जुळली. दुसरी जुळली. ताईंना क्षणभर शाईचा आणि खिळे धुवायच्या रॉकेलचा वास आल्यासारखं झालं.

"पुढे. डी, आय, सी, टी, ओ, एन..."

"थांबा. टीनंतर आय राहिला तुमचा."

"इथे आय नाही."

"अहो, असायलाच हवा. डिक्शनरी आहे तो शब्द."

"काय असायला हवं ते तुला माहीत. मी आहे ते सांगतोय. टी, मग ओ. मध्ये केसभर जागा नाही."

ताईंनी पत्र त्यांच्या हातातून ओढून घेतलं. खरंच नव्हता. पत्रातही आय नव्हता. पडद्यावर होता. आणि तो तिथे कुणी घातला, हे त्यांना एकदम आठवलं.

"मीच घातला हो," त्या हळूच म्हणाल्या. "काल. चूक दिसली म्हणून."

जुळारींनी भिंग मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "लोकाने आपल्या पोराचं नाव वाकडं ठेवलं म्हणून तू सरळ करून हाक मारलीस. पोरगं ओ कसं देणार?"

"आक्का असत्या तर कान पिळला असता माझा."

"मी पिळू का?"

"तुम्ही वाचा पुढचं. अजून कुठे हात घातलाय का बघू."

बाकी सगळं जसंच्या तसं होतं. ताईंनी आधीची जोडणी काढून टाकली, मेलमधून फाईल नव्याने उतरवली आणि या वेळी तिच्याकडे न बघता सरळ आत घेतली. न वाचता पुढे गेलेला तो त्यांच्या आयुष्यातला पहिला मजकूर असावा. बटण सरकवलं. गोल फिरलं. आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक इवलंसं कुलूप येऊन बसलं.

"कडी काढली वाटतं," जुळारी म्हणाले.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ताईंनी फोन लावून संगणकवालीला सगळं खरं सांगितलं. ती खो खो हसत सुटली. "ताई, ते नाव माझ्या आधीच्या माणसाने घाईत चुकीचं टाकलं. आता बदलायचं तर सगळ्यांचंच बदलावं लागेल, म्हणून तसंच चाललंय. पण ती चूक दिसलेल्या तुम्ही पहिल्याच हो! कोशाचं कार्यालय आहे हे!"

"दिसली ते ठीक गं. विचारायला हवं होतं."

फोन ठेवल्यावर ताईंनी आठवा खंड उघडला आणि आधी 'हाळी' शोधली. होती. पण समोर एवढंच होतं, 'पाहा : हाक'. शेजारी मूळ चिठ्ठीचं चित्र बघायची सोय होती. त्यावर टिचकी मारली, आणि पडदाभर आक्कांचं अक्षर उघडलं. किंचित डावीकडे झुकलेलं, जाड निबाचं. 'हाळी. स्त्री. लांबच्या माणसाला ऐकू जावी अशी दिलेली साद. ओ येईपर्यंत थांबावे लागते.' शेवटी तो कधीही न विसरलेला पूर्णविराम.

ताईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. डोळे पदराने टिपले. बोटं सवयीने मजकुराकडे निघाली होती, ती त्यांनी मागे घेतली. समासात नेऊन एक प्रश्नचिन्ह केलं आणि त्यापुढे लिहिलं : स्वतंत्र नोंद हवी? सोबतची चिठ्ठी कृपया वाचावी.

जुळारी उठून खुर्ची आत न्यायला लागले.

"राहू द्या ना ती इथे," ताई म्हणाल्या. "अजून सगळा ह वाचायचाय."

"मला चिन्हं वाचता येत नाहीत हं आक्कांसारखी."

"येतील. बसा."

ते बसले. चष्मा पुसला, भिंग पुसलं, घसा साफ केला.

"ह," त्यांनी सुरुवात केली. जरा थांबले. आणि मग, जपून म्हणाले, "स्वल्पविराम."