माझ्या वाट्याचं मी लिहिलं

"बाही वर कर. दाखव तुझ्या बापाला."

मुख्याध्यापिका असं म्हणाल्या तेव्हा माझा नववीतला पोरगा भिंतीला चिकटून उभा होता. त्यानं बाही वर केली नाही. मराठीच्या बाईंनी केली. कोपरापर्यंत खुणा. जुन्या, नव्या. त्याच्याच हातानं केलेल्या.

मी ट्रेलरवर ड्रायव्हर. आठवडा-आठवडा बंदराच्या रस्त्यावर. घरी असलो तरी पोराचा हात कधी हातात घेतला नव्हता.

ट्रस्टी खुर्चीत रेलून म्हणाले, "तुमच्या लोकांत दारू, मारझोड चालतेच. पोरं अशीच निघणार."

मी आगरी. माझा आजा मिठागरात राबला. मी उभाच होतो. बस म्हणून कुणी म्हटलं नव्हतं.

त्यांनी कागद पुढं सरकवला. मुलाच्या या वागण्याला घर जबाबदार, शाळेचा संबंध नाही. सही करा, नाहीतर दाखला घेऊन जा.

मी पेन उचललं. कारण अर्धं खरं होतं.

तो सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली. मसणातून आल्यावर तो हुंदके देत होता. मी म्हणालो, "पोऱ्या हायस ना? बायकांसारखा रडतोस काय?" तो गप्प झाला. मला बरं वाटलं. पुढं मी त्याला मारलं. पट्ट्यानं. मार्क कमी पडले म्हणून. उलट बोलला म्हणून. कधी मीच दमून आलो म्हणून. रडला की जास्त. मग तो रडायचाच थांबला. मी समजलो, पोरगा घट्ट झाला.

सहीसाठी वाकलो, तेव्हा तो बोलला.

"पप्पा, गारीचं पन लिवा."

"कसली गारी?"

मराठीच्या बाईंनी मान खाली घातली.

आमच्या बोलीत गाडीला गारी म्हणतात. पाचवीत धडा वाचताना तो तसंच वाचून गेला. याच बाईंनी त्याला बाकावर उभं केलं. अख्खा तास 'गाडी' म्हणायला लावलं. प्रत्येक चुकीला वर्ग हसला. तेव्हापासून त्याचं नाव गारी. चार वर्षं. हजेरीलासुद्धा.

हे सगळं त्यानं जमिनीकडं बघत सांगितलं. मला कधीच सांगितलं नव्हतं. कुणाला सांगणार? पट्ट्यानं मारणाऱ्या बापाला?

"गंमत होती हो," बाई म्हणाल्या.

मी कागदावरची त्यांची ओळ खोडली. खाली लिहिलं: मी पोराला मारलं. त्याला रडू दिलं नाही. हे खरं हाय. सही केली. पेन बाईंपुढं ठेवलं.

"आता तुमच्या वाट्याचं तुम्ही लिवा."

ट्रस्टी उठले. "ए, कोणाशी बोलतोस?"

"तुमच्याशीच. तुमचं पन लिवा."

कुणी लिहिलं नाही. ट्रस्टींनी कागद फाडला. दुसऱ्या दिवशी दाखला हातात दिला.

आता दर पंधरा दिवसांनी त्याला अलिबागच्या सरकारी दवाखान्यात नेतो. मोटारसायकलवर तो मागं बसतो. मला धरत नाही, मागची दांडी धरतो. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. तरी नव्या खुणा थांबलेल्या नाहीत. एकदा मी म्हणालो, "मला माफ कर." तो म्हणाला, "आता काय उपेग?"

गावात म्हणतात, पोरगा वेडा झाला. भाऊ म्हणतो, जा, शाळेत पाया पड.

मी शिक्षण खात्यात अर्ज दिलाय. माझ्या पोराला ज्यांनी ज्यांनी दुखवलं त्यांची नावं त्यात आहेत. पहिलं माझं. दुसरं बाईंचं. तिसरं ट्रस्टींचं. तिथले साहेब वाचून म्हणाले, "तुमचं नाव काढा. अर्ज कच्चा पडतो."

मी काढणार नाही. एकही नाव काढणार नाही.